ज्या आडाची जिवाणी

माझ्या बायकोच्या तासाला कॉलेजातली पोरं 'वामकुक्षीचा तास' म्हणतात. वेळापत्रकात त्याचं नाव भारदस्त आहे, 'जीवविज्ञान : ओळख आणि प्रमुख शाखा'. पण तो येतो दुपारच्या डब्यानंतर आणि परीक्षेत सगळेच पास होतात, त्यामुळे त्या नावाला कोणी भीक घालत नाही. त्रिशलाला हे माहीत आहे. ती म्हणते, "झोपू देत. निम्मे झोपले तरी निम्मे जागे असतात."

एके काळी त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे वेगवेगळे विभाग होते. प्रत्येकाला आपली प्रयोगशाळा, आपलं कपाट आणि आपली भांडणं होती. मग 'एकवाचक' आला. आकारानं आमच्या घरच्या मिक्सरएवढा. कुठलाही जीव जगताना स्वतःचे कण सांडत असतो. मासा खवल्यांचा चुरा सांडतो, झाड पराग सांडतं, आपण कातडीची धूळ सांडतो. त्या प्रत्येक कणात त्या जिवाची कुंडली असते, म्हणजे डीएनए. एकवाचकात चमचाभर पाणी किंवा माती टाकली की तो त्यातल्या सगळ्या कुंडल्या वाचतो, जगभरच्या साठ्याशी ताडून पाहतो आणि आपला चहा पिऊन होईपर्यंत त्या चमच्यात कोण कोण राहतं त्यांची नावं पडद्यावर आणतो.

संस्थाचालकांना वाटलं, नावं सांगणारं यंत्र आलं, मग नावं सांगणारी माणसं कशाला? विभाग मिटले. प्राणिशास्त्राचे बिरनाळे सर घरी बसले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शबाना मुल्ला दूध डेअरीत दह्याच्या विरजणावर देखरेख करायला गेल्या. वनस्पतिशास्त्राची त्रिशला तेवढी उरली, सगळ्या शाखांची ओळख करून द्यायला. मी तिला चिडवायचो, "अगं, घरात माणसं उरली नाहीत आणि तू पाहुण्यांना ओळखी करून देतेस."

तिचा पहिला तास कैरीवर असतो. कैरी का पिकते? वनस्पतिशास्त्र म्हणतं, बी तयार झाली म्हणून. जीवरसायनशास्त्र म्हणतं, पिष्टाची साखर झाली म्हणून. आनुवंशिकीला विचारा, ती म्हणते, अमुक जनुकं जागी झाली म्हणून. परिस्थितिकी म्हणते, वटवाघळानं ती खावी आणि कोय लांब नेऊन टाकावी म्हणून. सगळी उत्तरं खरी असतात आणि एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. मी म्हणायचो, "एका कैरीला एवढी माणसं?" ती म्हणायची, "तुमच्या एका नळाला नाही का प्लंबर, वायरमन आणि इंजिनीअर लागत?"

तो इंजिनीअर मीच. भूपाल मगदूम, तालुक्याच्या पाणीपुरवठा विभागात उपअभियंता. माझं जग सोपं होतं. पंप, पाइप आणि ब्लीचिंग पावडर.

आमचं गाव नांदरी कृष्णाकाठचं, उसाचं. उसाला खत लागतं आणि पिकानं न खाल्लेलं खत झिरपत झिरपत विहिरींत उतरतं. त्यामुळे गावातल्या सगळ्या पाण्यात नायट्रेट. मोठ्या माणसाला ते फारसं जाणवत नाही, तान्ह्या बाळाला मात्र विषासारखं. गावात तान्हं असलं की बाटलीबंद पाण्याचे कॅन येतात, हे आता अंगवळणी पडलं होतं.

एकवाचक आणि नायट्रेट मोजायच्या पट्ट्या विभागाच्या जीपमध्ये घालून मी गावचे सगळे आड तपासले, तेव्हा एक नवल दिसलं. बस्तीच्या आडाच्या पाण्यात नायट्रेट जवळजवळ नव्हतंच. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. मागच्या अंगणात जुना उंबर आहे आणि त्याच्या बुडाशी आड. आमच्या घरचा आड तिथून हाकेच्या अंतरावर, त्याचं पाणी मात्र गावासारखंच नासलेलं.

त्रिशलानं दोन सुट्ट्या घालवून कारण शोधलं. बस्तीच्या आडात पांढऱ्या ठिपक्यांसारखे बारीक जीव पोहतात, पाणपिसवांच्या जातकुळीतले. मादीच्या शेपटीला अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात, दोन वेण्या घातल्यासारख्या, म्हणून आम्ही त्यांना 'वेणीवाले' म्हणू लागलो. त्यांच्या आतड्यात प्राणवायू नसतो. तिथं राहणारे जिवाणू श्वासासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू करून सोडतात. हवेत निम्म्याहून जास्त असतो, तोच निरुपद्रवी वायू. एकेका वेणीवाल्याचं पोट म्हणजे पाणी शुद्ध करणारा कारखाना, आणि त्याला ना वीज लागत होती ना माझी पावडर. मी त्रिशलाकडे पाहतच राहिलो. इतकी वर्षं मी मोठमोठ्या टाक्या बांधत होतो.

आमच्या घरच्या आडातही वेणीवाले होते. एकवाचक म्हणाला, जात तीच. पण त्यांच्या पोटात ते जिवाणू नव्हते.

इंजिनीअरच्या डोक्यात पुढचं आपोआप येतं. बस्तीचे वेणीवाले आमच्या आडात सोडायचे. तिथं जमलं की तालुक्यातल्या सगळ्या विहिरींत. घाईला घरचं कारणही होतं. आमची मुलगी ऋजुता बाळंतपणाला आली होती.

त्रिशला म्हणाली, "मला पावसाळा संपेपर्यंत वेळ द्या. आपल्याला नुसतं त्याचं नाव कळलंय. तो वाढतो कसा, त्याला पिल्लं कशी होतात, त्याचं कुणाशी पटतं, यातलं काहीच आपण पाहिलेलं नाही."

"यंत्र सांगतंय ना, एकच जात आहे म्हणून."

खरा विरोध आला तो माझ्या आईकडून. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही. अक्का आयुष्यभर पाणी गाळून प्यायली. दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं, मग फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच विसळायचं. त्या विसळलेल्या पाण्यात फडक्यावर अडकलेले जीव उतरतात, ती जिवाणी. ती वरून ओतायची नाही. बुडाला कडी असलेल्या खास पोहऱ्यातून ती खाली सोडायची, पोहरा पाण्याला टेकला की दोरीला हलका झटका देऊन कलता करायचा, म्हणजे जिवांना इजा होत नाही. आणि ज्या आडाचं पाणी, त्याच आडात. बस्तीची जिवाणी बस्तीत, घरची घरात.

"ज्या आडाची जिवाणी त्याच आडात जाती, भूपाल," ती म्हणाली. "कुणाला उचलून कुणाच्या घरात टाकतोस?"

"अक्का, एकाच जातीचे आहेत ते."

"एका जातीचं म्हंजे एका घरचं झालं व्हय?"

मी म्हटलं, "तुझ्या पणतवंडासाठी." पणतवंडापुढे अक्काचं काही चालत नाही. तिनं स्वतः कडीच्या पोहऱ्यातून बस्तीचे वेणीवाले आमच्या आडात सोडले. सोडताना ती पुटपुटत होती. बहुतेक त्यांची क्षमा मागत असावी.

सुरुवातीला नायट्रेट असं उतरलं की मी ऑफिसात पेढे वाटले. ऋजुताला मुलगी झाली. बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत आमच्या आडाचं पाणी पुन्हा होतं तसंच झालं. मी खट्टू झालो, पण घाबरलो नाही. बाळाला वरचं दूध चालू होतं आणि त्याची पावडर कालवायला पाणी यायचं बस्तीच्या आडाचं. ते तर पिढ्यान्‌पिढ्या चांगलं. आमच्या आडाचं पाणी मी रोज तपासत होतो, बस्तीचं तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि बाळासाठी म्हणून अक्का ते पाणी चांगलं खळखळ उकळायची.

एका सकाळी ऋजुता बाळाला घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, हिचे ओठ बघ गं."

ओठ निळसर होते. नखं तर जांभूळ खाल्ल्यासारखी. बाळ रडत नव्हतं, नुसतं मलूल पडून होतं. मला वाटलं, काळजाचा आजार. त्रिशलानं बाळाच्या छातीला कान लावला, श्वास पाहिला, मग तिची नजर चुलीवरच्या पातेल्याकडे गेली.

"ते पाणी बंद करा," ती म्हणाली. "गाडी काढा. आणि थोडं पाणी बाटलीत घ्या."

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. हवा लागूनही तो लाल झाला नाही, चॉकलेटी राहिला. त्रिशलानं पाण्याची बाटली पुढे केली आणि दोघी एकमेकींकडे पाहून एकाच वेळी मान हलवत्या झाल्या.

मला नंतर समजलं ते असं. नायट्रेटचं बाळाच्या पोटात नायट्राइट होतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असा बदल करतं की त्याला प्राणवायू उचलताच येत नाही. मोठ्यांच्या रक्तात हे बिघडलेलं हिमोग्लोबिन दुरुस्त करणारं विकर असतं, तान्ह्यात ते अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. छाती वरखाली होते, हवा आत जाते, पण रक्त रिकाम्या हातानं फिरत राहतं. उकळून जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. यावर औषध आहे मेथिलीन ब्लू नावाचा गडद निळा रंग. निळ्या पडलेल्या बाळाला निळंच औषध. ते शिरेतून गेलं आणि माझ्या डोळ्यांदेखत नातीच्या ओठांवर गुलाबी रंग परत आला. मी तिथल्या बाकावर बसून हमसून हमसून रडलो. शरीरक्रियाशास्त्र नावाची एक शाखा आहे आणि ज्यांनी ती उभी केली त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, एवढंच तेव्हा मनात येत होतं.

घरी येऊन बस्तीचं पाणी तपासलं. नायट्रेट गावातल्या कुठल्याही विहिरीइतकंच.

अक्का पायरीवर बसली होती. तिनं वर न बघता सांगितलं. "माझ्या हातानं झालं, भूपाल."

"काय झालं?"

"त्येंला तू आपल्या आडात आणायला लावलंस. पाणी गाळलं की फडक्यावर तेच दिसायचे. माझ्या जिवाला लागून राहिलं, ह्येंचं घर बस्तीत, आपण त्येंला परमुलखात ठेवलंय. म्हणून रोज बस्तीला जाताना आपल्या आडाची जिवाणी घेऊन जात हुते. माघारी सोडत हुते त्येंला."

म्हणजे तिनं पाहुण्यांना घरी पोचवलं, आणि त्यांच्याबरोबर आमच्या आडातले वेणीवालेही बस्तीत नेले. फडक्यावर सगळे ठिपके सारखेच दिसतात. जगात दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली नसती. ती करायला आधी एवढी कणव लागते. त्या दिवसापासून अक्कानं पोहऱ्याला हात लावला नाही. बस्तीत जायची, देवाकडे बघायची, आडाकडे बघायची नाही.

मी वरती कळवल्यावर साहेबांचा फोन आला. "मगदूम, आड सील करा आणि भरपूर ब्लीचिंग टाका. बाळाचं प्रकरण आहे. सोमवारच्या आत."

पावडरीची पोती जीपमध्ये आली. पावडर टाकली की आडातलं सगळं मरणार होतं. वेणीवाले, त्यांच्या पोटातले जिवाणू, सगळं. गावातलं एकुलतं एक चांगलं पाणी कायमचं संपणार होतं आणि अक्काच्या मनातला तो काटाही मग कधी निघणार नव्हता.

"का बिघडलं ते तर कळू दे," त्रिशला म्हणाली आणि तिनं दोन फोन केले.

दुसऱ्या दिवशी बस्तीच्या ओसरीवर कॉलेजचे मिटलेले विभाग पुन्हा उघडले. बिरनाळे सर रिक्षातून उतरले ते आपलं जुनं सूक्ष्मदर्शक शालीत गुंडाळून, पोटाशी धरून. शबानाताई डेअरीतून रजा काढून आल्या, काचपट्ट्या आणि रंगांच्या बाटल्या घेऊन. मागोमाग वामकुक्षीच्या तासाची पोरं आली, सगळी टक्क जागी. अक्का खांबाला टेकून लांब बसली.

बिरनाळे सरांनी नळीला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. शेवटी म्हणाले, "भूपालराव, विचित्र आहे. आया आहेत, वेण्या भरलेल्या आहेत, पण कित्येकींना लेकरं नाहीत. एकही नाही. अंडी धरतात आणि फुकट जातात."

हे एकवाचकाला दिसणं शक्य नव्हतं. त्याच्या लेखी वेणीवाले होते, आणि होते म्हणजे होते.

शबानाताईंनी अंडी वेगळी करून रंगवली. आमच्या आडातल्या माद्यांच्या अंड्यांत आणखी एक बारीक जिवाणू निघाला, पेशीच्या आत घर करून बसलेला. लेकरं नसलेल्या बस्तीच्या माद्यांच्या अंड्यांत तो नव्हता. त्रिशलानं एकवाचकाची जुनी यादी उघडली. त्याचं नाव तिथं होतं, पार खाली. पण तो कुणाच्या पोटात राहतो आणि तिथं काय करतो, हे यादीत कुठून असणार?

"हा पाहुणा आईकडूनच लेकरांत जातो," त्रिशला सांगू लागली. ती सांगत होती मला, पण पोरांनी आपोआप वह्या काढल्या. "बापाकडून जात नाही. म्हणून ज्या आयांकडे तो आहे, त्यांची लेकरं वाढण्यात त्याचा फायदा. मग तो नरात एक खोडी करून ठेवतो. पाहुणा असलेला नर आणि पाहुणा नसलेली मादी एकत्र आली की अंडी मरतात. पाहुणा असलेल्या मादीला मात्र काही होत नाही. आपल्या आडातले नर इथं आले, आणि बस्तीच्या माद्यांचा वंश खुंटत चालला. आपल्या आडात सोडलेल्यांचंही हेच झालं. दोन्हीकडे उरले ते आपल्या आडाचे, आणि त्यांच्या पोटात नायट्रेट खाणारे जिवाणू नाहीत."

"आणि समजा जगले असते," ती वर उंबराकडे बघत म्हणाली, "तरी आपल्या आडात टिकले नसते. त्या जिवाणूंना नायट्रेटबरोबर खायलाही लागतं. इथं उंबराची पानं पडतात, फळं पडतात, मुळं पार पाण्यात उतरलीत. आपला आड पत्र्याखाली. मी वनस्पतिशास्त्राची, आणि मला हे आधी सुचू नये!"

मी थक्क होऊन ऐकत होतो. एक आड, चार हात रुंदीचा. त्याचं दुखणं कळायला प्राणिशास्त्र लागलं, सूक्ष्मजीवशास्त्र लागलं, आनुवंशिकी, वनस्पतिशास्त्र लागलं, आणि हे सगळे मिळून एका घरात कसे नांदतात ते सांगणारी परिस्थितिकी लागली. ही मंडळी एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालत होती, भांडत होती, हसत होती. इतकी सुंदर माणसं आम्ही घरी बसवली होती.

पण माझ्या खिशात साहेबांचा हुकूम होता. "कारण कळलं. उपाय काय? ब्लीचिंगच ना?"

"मुळीच नाही," त्रिशला म्हणाली. "गाळायचं. अख्खा आड गाळायचा, आणि जे निघतील ते आपल्या आडात नेऊन सोडायचे. त्यांचं घर ते. सगळे निघाले नाहीत तरी चालेल. पाहुणेवाले थोडेच उरले आणि मूळचे पुष्कळ झाले, तर ही खोडी चालत नाही, चार पिढ्यांत ते मागे पडतात."

"पण मूळचे आणायचे कुठून?" बिरनाळे सर म्हणाले. मग स्वतःच दचकल्यासारखे सरळ बसले. "थांबा. दिवस वाईट आले की ह्या जातीच्या माद्या वेगळी अंडी घालतात, जाड कवचाची. ती गाळात बसतात. गाळ वाळला तरी वर्षानुवर्षं झोपून राहतात. पोटातले जिवाणूसुद्धा कवचाला चिकटून असायचे. ह्या आडाचा गाळ शेवटचा कधी काढला होता? आणि टाकला कुठं?"

मी कपाळावर हात मारला. गाळ कोण सांभाळून ठेवतो? आमच्या विभागात तो ट्रॉलीत भरून जातो तो जातोच.

"टाकला न्हाय," खांबाकडून आवाज आला.

अक्का होती ती.

"गाळात जीव असत्यात. उकिरड्यावर कसा टाकायचा? तुडवला जाईल. म्हणून मागच्या डोणीत ठिवलाय, सावलीला. वर फरशी हाय. ऋजुताच्या जन्माच्या आधीची गोष्ट ही."

बस्तीच्या मागे ती दगडी डोणी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. फरशी सरकवली. आत तडे गेलेली काळी, कोरडी माती होती. बिरनाळे सरांनी चिमूटभर घेतली, पाण्यात कालवली, काचेखाली धरली आणि मोठ्यानं हसले. "आहेत! जाड कवचाची. अहो, गाढ झोपलेत!"

मी जीपकडे गेलो आणि साहेबांना फोन लावला. "साहेब, आड सील केलाय, पाणी कुणी भरणार नाही. पण पावडर टाकत नाही. माझी जबाबदारी."

साहेब बरंच बोलले. मी पोती जीपमध्येच राहू दिली.

मग गावानं बस्तीचा आड गाळला. पंप लावला असता तर जीव चिरडले असते, म्हणून हातानं. पोहरे, दोऱ्या, घराघरातली दुहेरी फडकी. ज्यांच्या घरात पाणी गाळायची रीत कधी नव्हती तेही आले, मशिदीजवळचे, मजुरांच्या तळावरचे, सगळे. वामकुक्षीची पोरं रांगेत उभी राहून फडकी उलटी करून विसळत होती. फडकं पिळायचं नाही हे त्यांना अक्कानं बसल्या जागेवरून ओरडून शिकवलं. जिवाणीची भांडी आमच्या आडाकडे जात होती. शबानाताई थेंब तपासून 'अजून आहेत, अजून काढा' म्हणत होत्या. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "पुरे."

डोणीतला गाळ काचेच्या बरण्यांत भिजत पडला, त्रिशलाच्या वर्गात, खिडकीत. ऋजुताच्या जन्माच्या आधी झोपलेले जीव ऋजुताची मुलगी पालथी पडायला शिकत होती त्या सुमारास जागे झाले. आधी चार-दोन, मग बरणीभर. अंड्यांत पाहुणा नव्हता. पोटात नायट्रेट खाणारे जिवाणू होते. पुढे यथावकाश बस्तीच्या आडातलं नायट्रेट उतरून पाणी पूर्वीसारखं झालं, साहेब स्वतः येऊन ते प्यायले, आणि कॉलेजनं बिरनाळे सरांना आठवड्यातून दोन तास घ्यायला बोलावलं. इतर विहिरींचं काय करायचं ते प्रत्येक विहीर नीट पाहूनच ठरेल, असं त्रिशलानं विभागाला बजावलंय. विभाग ऐकतोय, कारण आता विभागही घाबरलाय.

पण मला सांगायचंय ते बरण्या रिकाम्या करायच्या सकाळचं.

उंबराखाली आम्ही सगळे जमलो होतो. ऋजुताच्या कडेवर बाळ, गुलाबी, गुबगुबीत, उंबराच्या पानांकडे हात करणारं. कडीचा पोहरा काठावर ठेवला होता आणि तो कुणी उचलत नव्हतं. अक्का मागेच उभी होती.

"अक्का, तुम्हीच सोडा," त्रिशला म्हणाली.

"माझ्या हातानं नको गं."

बिरनाळे सरांनी काठावर सूक्ष्मदर्शक मांडलं आणि बरणीतला एक थेंब काचपट्टीवर घेतला. "सोडू नका हवं तर, अक्का. पण बघा तरी. जन्मभर ज्यांना सोडलंत, त्यांना एकदा बघा."

अक्कानं चष्मा काढला. नळीला डोळा लावला. आधी म्हणाली, काही दिसत नाही. मग ती नळीला आणखी चिकटली. नळीत काय दिसतं ते मला माहीत होतं. काचेसारखं पारदर्शक अंग, आतलं धडधडणारं आतडं, मागे लोंबणाऱ्या दोन वेण्या.

"अगं बया," ती म्हणाली. "ह्येला डोळा हाय!"

"हो. एकच, कपाळावर."

अक्का सरळ झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी तर ह्येंला दोन इंद्रियांचे समजत हुते, नुसती कातडी आन् जीभ असलेले. आंधळे. एवढी वर्षं." मग तिनं विचारलं, "दिसतंय काय त्येला?"

"फार नाही दिसत, अक्का. उजेड आणि सावली. तेवढंच कळतं."

"म्हंजे मी आडावर वाकले की माझी सावली पडती, ती कळत असंल त्येला?"

"कळत असणार," त्रिशला म्हणाली.

अक्कानं पदरानं डोळे पुसले. बरणीतलं पाणी पोहऱ्यात घेतलं. दोरी हळूहळू सोडली आणि पोहरा पाण्याला टेकला तेव्हा कठड्यावरून चांगली ओणवी झाली. ऋजुता म्हणाली, "आजी, जपून, तोल जाईल."

"जाऊ दे," अक्का म्हणाली. "जरा नीट वाकते. माझीच सावली हाय, हे कळू दे त्येंला."